बारा घरांचा तांदूळ

आमच्या जिंतूरकडं माणसाची पारख त्याच्या रानावरून होते. पाडव्यानंतर ज्याच्या रानात एक धसकट दिसत नाही, तो कामाचा. ज्याच्या बांधावर पाचोळा लोळतो, त्याच्या घरी सोयरीक करताना लोक दोनदा विचार करतात. ही शिकवण माझ्या हाडात बसलेली. तीच घेऊन मी कोकणात गेले आणि पहिल्याच आठवड्यात तिनं मला तोंडावर पाडलं. आपल्याकडची फारशी माणसं तिकडं जात नाहीत, म्हणून जे पाहिलं ते लिहून ठेवते.

माझी शाळा सहावीत सुटली. पुढं लग्न झालं, ते टिकलं नाही, आणि मी आईच्या घरी परत आले. माझा चुलतभाऊ डोलवीच्या लोखंडाच्या कंपनीत ठेक्यावर कामाला होता. त्याची चिठ्ठी आली, की रोह्याच्या अलीकडं खांब गावाजवळ ठाण्याचं एक म्हातारं जोडपं नवी वस्ती बसवतंय, शेतात राबणारं, तिथंच राहणारं माणूस त्यांना पाहिजे. दोन लुगडी आणि ज्वारीच्या पिठाची पिशवी घेऊन मी निघाले. पीठ आईनं दिलं होतं. म्हणाली, ‘तिकडं नुसता भात खातात, पोट भरायचं नाही.’

खांब

एसटीतून उतरले तेव्हा चैत्र संपत आला होता. घाम आपल्याकडंही येतो, पण तो वाळतो. तिकडचा घाम अंगाला धरून बसतो. आणि पाणी! विहिरीच्या काठावर बसून तांब्या बुडवावा इतक्या वर पाणी. कालवा जवळून जातो, त्याची कृपा. पहिल्या दिवशी मी चार वेळा हातपाय धुतले, उगीच.

वस्ती म्हणावी असं तिथं काहीच नव्हतं. विहीर, तिच्याशेजारी पुढं ओटी असलेली पत्र्याची एक खोली आणि वाळलेली भातखाचरं. ती खोली मला दिली. वस्ती होती ती वसंतकाकांच्या नकाशात. काका जन्मभर एका कंपनीत नकाशे काढत होते. अंगानं काटकुळे, खाकी अर्धी चड्डी, कानावर पेन्सिल. त्यांनी जमिनीवर कागद पसरला आणि मला, सहावी नापासाला, ‘मंदाबाई’ अशी हाक मारून सगळं समजावून सांगितलं. मधे भात. कडेच्या वरकस माळावर, जिथं भात होत नाही, तिथं बारा घरं. घरांमध्ये कुंपण नाही. विहीर एक. प्रत्येक घरानं महिन्यातले चार दिवस शेतात उतरायचं, मग तो बँकेतला साहेब असो नाहीतर शिंपी.

‘आणि घरं कधी बांधायची?’ मी विचारलं.

उत्तर कुमुदताईंनी दिलं. त्या काकांच्या मंडळी, मास्तरीण म्हणून निवृत्त झालेल्या. ‘आधी एक पीक हातात येऊ दे. या शेतातला तांदूळ जितक्या घरांना वर्षभर पुरेल तितकीच घरं बांधायची. तांदूळ नाही पिकला तर घर नाही. मग ही जागा सोडून ठाण्याला परत.’

बाराही कुटुंबांनी हे कबूल केलं होतं म्हणे. मला वाटलं, शहरातली माणसं, बोलायला काय जातं. पण त्या दोघांनी ठाण्याचं राहतं घर मुलाला देऊन टाकलं होतं आणि खांब गावात एका पडवीत भाड्यानं राहत होते. बोलणं नव्हतं ते.

भात पिकवायचा कसा, हे त्या दोघांना येत नव्हतं, मलाही नाही. येत होतं हिरामावशीला. जमीन पूर्वी तिच्याच घरातली. विकताना तिनं अट घातली होती, की शेत मी करणार, तुम्ही शिकायचं. साठीची बाई, बारीक, काळी, नाकात मोठी नथ आणि जिभेला धार. मला पाहून पहिलं वाक्य बोलली, ‘हिला काय भात लावता येनार? ही तर भाकरी खानारी.’

चौथ्या दिवशी मावशी भाचीच्या लग्नाला गेली आणि ताई-काका सभासदांच्या बैठकीला ठाण्याला. मी एकटी. तीन दिवस. मला काम कुणी सांगितलं नव्हतं, आणि काम नसलं की माझ्या जिवाला घोर लागतो, आता हे आपल्याला परत पाठवणार असं वाटायला लागतं. खाचरांच्या वरच्या अंगाला एक सपाट तुकडा होता. त्याच्यावर सगळा उकिरडा. खाली वाळलं शेण, वर झाडाच्या फांद्या, त्यावर पाचोळा, गवत, आणि वरून माती भुरभुरलेली. मला त्या म्हातारीची कीव आली. वय झालं, होत नसेल तिच्यानं.

मी पदर खोचला. अडीच दिवस राबले. फांद्या ओढून खोलीमागं सरपण रचलं. पाचोळा-गवत ओढ्याच्या कडेला लोटलं, तो वाऱ्यानं गेला. शेण खड्ड्यात भरून वर पंचवीस घागरी पाणी ओतलं, चांगलं कुजावं म्हणून. जागा खराट्यानं झाडली. हळदीकुंकवाचं अंगण दिसावं तसा तुकडा झाला.

हिरामावशी सकाळीच आली. मी चहा ठेवला होता. मनात म्हटलं, आता बोलेल चांगलं. ती बांधावरच थांबली.

‘गो, माझा राब कुठं हाय?’

‘काय कुठं?’

‘राब गो, राब! हितला!’

‘तो कचरा होय? काढला की सगळा. बघा मावशी, कसं लख्ख झालंय.’

ती खाली बसली. हातातली लग्नाची पिशवी बाजूला ठेवली आणि त्या झाडलेल्या जागेकडं बघत राहिली. मग हळू आवाजात, लहान पोराला सांगावं तसं, तिनं सांगितलं. तिकडं भात आधी एका तुकड्यात पेरतात, रोप वाढलं की उपटून खाचरात लावतात. ज्या तुकड्यात पेरायचं तो आधी भाजावा लागतो. थंडीपासून डोंगरातनं फांद्या तोडून आणायच्या, पातेरा म्हणजे पाचोळा वेचायचा, वाळल्या शेणावर थर रचायचे, आणि वारा पडला की पेटवायचं. तणाचं बी जळतं, राखेवर रोप काळंभोर येतं. त्या रचण्याचं नाव राब. ‘चार महिनं डोंगर उतरवलाय मी हितं, डोक्यावरनं,’ ती म्हणाली. ‘शेन तरी हाय का?’

‘आहे, खड्ड्यात. वर पाणी टाकलंय.’

‘पानी पन टाकलंस?’

तिच्या तोंडावर जे आलं ते हसू होतं का रडू, मला अजून सांगता येत नाही. चहा तिनं घेतला नाही.

संध्याकाळी ताई-काका आले. मावशीनं त्यांना सोडलं नाही. काकांनी विचारलं, राबाशिवाय रोप येणारच नाही का? ‘येईल ना. आजारी पोरावानी पिवला येईल, नि त्यात तन जास्त. आता पातेरा मिलायचा नाय, सगला रान झडून उडून गेला.’ मग ती दोघांकडं वळली. ‘दोन वर्सं येतंव नि जातंव. कुनी इचारलंव का, मावशी, ह्या काय रचतेस म्हनून?’

काकांनी नकाशा उलगडला. त्या तुकड्यावर बोट ठेवून मला म्हणाले, ‘मंदाबाई, वाचा. इथं मी काय लिहिलंय?’

मी वाचलं. ‘रिकामी जागा.’

‘तुम्ही माझ्या नकाशाप्रमाणंच वागलात,’ ते म्हणाले आणि खिशातून रबर काढून ती अक्षरं खोडायला लागले. बराच वेळ खोडत होते. कागद विरला तिथं.

मी खोलीत जाऊन पिशवी भरली. कुमुदताई दारात आल्या. ‘कुठं?’

‘भावाकडं, डोलवीला.’

‘उद्या जा. भांडी पडलीत.’

मी भांडी घ्यायला गेले तर त्या राखेची वाटी घेऊन आधीच विहिरीवर बसल्या होत्या. आम्ही दोघींनी घासली. माझं घासलेलं पातेलं त्यांनी परत घेऊन पुन्हा घासलं. शाळेतल्या बाई अशाच असतात. दुसऱ्या दिवशी जायचं नाव मी काढलं नाही, त्यांनीही काढलं नाही.

रोहा

हिरामावशी माझ्याशी बोलेना. बाजाराला रोह्याला निघाली तेव्हा ताईंनी मला मुद्दाम तिच्यासोबत धाडलं, ओझं घ्यायला म्हणून. रोहा लहानसं, कुंडलिका नदीच्या काठचं गाव. एसटी पुलावरून गेली तेव्हा वैशाखाच्या तोंडाशी वाहती नदी बघून मी खिडकीला नाक लावलं. मावशी शेजारणीला म्हणाली, ‘बघा, पानी नाय बगितलं कधी. म्हनून तर माझ्या शेनावर वतलान.’

तिथं तिची मुलगी लीला राहते. तिनं आम्हाला जेवायला ठेवून घेतलं. वालाचं बिरडं होतं. वाल भिजवून मोड आणायचे, मग एकेक दाणा दाबून साल काढायची. मला सोलायला बसवलं. मी इतक्या जोरानं दाबत होते की दाणे उडून लीलाच्या पोराच्या डोक्यावर पडत होते आणि पोरगं खिदळत होतं. बिरडं पहिल्या घासाला कडसर लागलं, दुसऱ्याला गोड, आणि तिसऱ्यांदा मी मागून घेतलं.

लीलाला आईनं राबाची सगळी कथा सांगितली, माझ्यासमोरच, मी तिथं नसल्यासारखी. लीला ऐकून म्हणाली, ‘आये, तुझ्या म्हायेराला कुठं राब करतात? तिकडं रहूच करतात ना?’



रहू म्हणजे भाताला असेच मोड आणायचे आणि ते मोडाचं बी सरळ चिखलात फेकायचं. रोप नाही, राब नाही, लावणी नाही. पेणच्या खाडीकडची माणसं तसं करतात. मावशी तिकडचीच, पण बाराव्या वर्षी लग्न होऊन इकडं आली. आल्या आल्या सासूला म्हणाली होती, आमच्याकडं असं करतात. तेव्हा सगळं घर हसलं होतं. मीठ पिकवणाऱ्यांनी आम्हाला भात शिकवायचा का, म्हणून. त्यानंतर तिनं ते नाव घेतलं नाही. आता करायचं म्हटलं तर तिला नीट आठवतही नव्हतं. मोड किती वाढू द्यायचा, पाणी किती ठेवायचं.

‘वयनीला इचारावं लागंल,’ ती शेवटी म्हणाली. ‘सतरा वर्सांत गेलं नाय मी तिच्या दारात.’

परतताना एसटीत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. ‘तुज्यापायी मना तिच्या दारात जावं लागतंय,’ असं. तरी बोलली.

पेण

चौथ्या दिवशी आम्ही तिघी निघालो. मावशी, कुमुदताई आणि मी. वाटेत डोलवीची कंपनी दिसली, केवढ्या त्या चिमण्या. एवढ्या लोखंडात माझा भाऊ कुठं उभा असेल असं मनात आलं आणि त्याच्याबद्दल फार वाटलं.

पेण म्हणजे गणपती. आपल्याकडं आपण भाद्रपदात गणपती बघतो, तिथं ते बारा महिने जन्माला येत असतात. हमरापूरच्या बाजूला एका घराच्या ओटीवर शंभरेक पांढरे गणपती वाळत होते, कुणालाच डोळे नाहीत. त्यांच्या मधून एक बाई धुणं वाळत घालत होती. मी वहाणा काढून हात जोडले. ती हसली. ‘अजून देव झालं नाय गो ते. डोलं आखल्यावर ये.’

ताईंनी वहिनीसाठी बर्फी घेतली. मावशी म्हणाली, तिला गोड चालत नाय. मग पापड घेतले. मावशी म्हणाली, पापड ती सोताच लाटते. शेवटी दोन्ही घेऊन निघालो. मावशी घाबरली होती. घाबरलेलं माणूस मला लगेच ओळखू येतं.

खाडीकाठ

एसटी सोडली की बांधावरून चालायचं. एका हाताला खाडी, एका हाताला भेगाळलेली शेतं, पलीकडं मिठागरं. मीठ ढिगानं रचलेलं, उन्हात बघवत नाही. मी तिकडं बघत चालले आणि पाय घसरून मांडीपर्यंत खाडीच्या चिखलात गेले. मावशी आणि ताई दोघींनी मिळून ओढलं. उजवी वहाण आत राहिली. अजून तिथंच असेल.

वहिनी दारातच उभी होती. मावशीहून उंच, कमरेवर हात. मावशीला खालून वर बघितलं आणि म्हणाली, ‘सतरा वर्सांनी नणंद आली, ती पन बी मागाया. नि ह्या कोन, चिखलातली?’

‘हिनंच माझा राब उचलला,’ मावशी म्हणाली.

‘चांगला केलान. तुज्या सासूनं आमच्या रहूला हसलं व्हतं ना?’

आत या म्हणाली नाही. तिनं तीन हंडे उचलले आणि पाण्याला निघाली. चहूकडं पाणीच पाणी, पण सगळं खारं. प्यायचं पाणी गावाबाहेरच्या एका तळ्यावरून आणायचं, उन्हाळ्यात तेही तळाला गेलेलं. हे मात्र मला कुणी शिकवायला नको होतं. मी एका पायात वहाण, एक पाय अनवाणी अशी तिच्या मागं गेले. तळ्यात वाटी-वाटीनं पाणी गोळा करत बायका बसल्या होत्या. मी पाणी गढूळ न करता कडेकडेनं वाटी फिरवली, हंडा भरला, डोक्यावर एकावर एक दोन चढवले, तिसरा कमरेवर घेतला. आम्ही लहानपणापासून असंच आणतो. वहिनी बघत राहिली.

‘कुठली गो तू?’

‘जिंतूरची. लई लांब आहे.’

‘तिकडं पन खाडी हाय?’

‘नाही. तिकडं काहीच नाही.’

ती हसली. घरी येऊन हंडे उतरवले तेव्हा तिनं मावशीला म्हटलं, ‘बस. जेवून घ्या आधी.’ तांदळाची भाकरी आणि वाळल्या जवळ्याचं कालवण. आईच्या पिठाची आठवण आली, पण खरं सांगते, ती भाकरी कापसासारखी होती. बर्फी वहिनीनं एकटीनं खाल्ली.

मग तिनं शिकवलं. सांगून नाही, हाताला धरून. बी एक दिवस भिजवायचं. टोपलीत पेंढा अंथरून त्यात भरायचं, वर पेंढा, वर धोंडा. दोन दिवस ऊब. हात आत घालून बघायचं, तापलं तर कोमट पाण्याचा शिपका. मोड तांदळाच्या दाण्याएवढा झाला की बास, त्याहून लांबला तर फेकताना मोडतो. मी पुन्हा पुन्हा विचारत होते आणि ती म्हणत होती, ‘ह्या तर मास्तरालापन दमवील.’ खरी मास्तरीण बाजूला बसून वहीत लिहून घेत होती.

निघताना वहिनीनं एक मोठी टोपली भरून बी दिलं. रहूला बी दुप्पट लागतं, आणि मावशीच्या घरचं बी तेवढं नव्हतं. मावशी काही बोलणार तोच वहिनी म्हणाली, ‘रडू नको, बी भिजंल.’

पुन्हा खांब

जमीन चिखलाला आली तेव्हा आषाढ लागला होता. टोपल्या माझ्या खोलीत ठेवल्या होत्या. त्या दोन दिवसांत मी किती वेळा हात घातला असेल, देव जाणे. शेवटी मावशी ओरडली, ‘बालंतिनीला पन कुनी इतकं दाबून बघत नाय!’

ठाण्याहून सभासद आले. बँकेतले साहेब पहिल्याच पावलात चिखलात बसले. एक नर्सबाई मात्र अशा उतरल्या की मावशीनं त्यांना लगेच फळी फिरवायला दिली, चिखल सपाट करायला. पाणी काढून दिलं. मावशीनं बी फेकलं, वहिनीसारखं, मनगटातून, पंखा हलवावा तसं. हाताला आपोआप आठवत होतं. सरतेशेवटी टोपली माझ्यापुढं केली. मी फेकलं ते एकाच जागी ढिगानं पडलं. ‘हा काय कोंबड्यांना टाकतेस?’ ती म्हणाली. मग मनगट धरून दाखवलं.

त्यानंतर दहा दिवस मी पाखरं हाकत बांधावर बसले. एक खाचर पावसानं बुडालं, तिथलं बी कुजलं. एकात ठिपके ठिपके आलं. वहिनीचं खारं बी मात्र गोड्या जमिनीत दाट उठलं, मावशीला बघवेना आणि नजरही काढवेना. अकराव्या दिवशी ताई, काका, मावशी आणि मी सगळं शेत फिरलो. मावशी प्रत्येक बांधावर थांबत होती. शेवटी म्हणाली, ‘बारा घरांना नाय पुरनार. सहाला पुरंल.’

सहा घरं माझ्यामुळं गेली.

काका उकिडवे बसले, गुडघ्यावर नकाशा धरला. ‘मग यंदा सहाच बांधू. राहिलेली सहा पुढच्या राबानंतर,’ ते म्हणाले आणि कानावरची पेन्सिल काढली. यंदा न बांधायच्या घरांची पहिली फुली त्यांनी विहिरीजवळच्या घरावर मारली. ते त्यांचं स्वतःचं घर होतं. कुमुदताईंनी वाकून पाहिलं, मान हलवली, आणि दुसरी फुली कुठं मारायची त्यावर दोघांचं बोलणं सुरू झालं, जसं काही झालंच नाही.

मला राहवेना. ‘ताई, खांबची पडवी तर होळीला सोडायची आहे तुम्हाला. मग राहणार कुठं?’

‘तुझ्या खोलीत,’ त्या म्हणाल्या. ‘काका ओटीवर झोपतील. तू घोरत नाहीस ना?’

मी घोरते. आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण मी मान हलवून नाही म्हटलं.